आपल्यातच राहू दे

१ मार्च

मास्तर बोलले! डबा खाता खाता, सगळ्यांदेखत, अगदी सरळ — "तीस हजार म्हणाले होते, तीसच दिले. आणि पहिल्या तारखेला दिले. बरं वाटलं." एवढं बोलून पुढचा घास घेतला.

 दादाचं पॉलिशचं चाक नुसतंच फिरत राहिलं, हातातला नकली डोळा त्यानं बाजूलाच धरलेला. माझ्या मैत्रिणीचा, राणीसाहेबांचा, चमचा डब्यात तसाच. ट्रेमधले डोळे तर कायमच बघत असतात, पण आज वाटलं, तेही जरा दुसरीकडे बघतायत.

मास्तरांना कळेचना. "काय झालं? मीठ सांडलं का माझ्याकडून?"

आधी शाळेत चित्रकला शिकवायचे ते. नोकरी सुटल्यावर आमच्याकडे रंगकामाला आले, जेमतेम महिना झाला. त्यांच्या शाळेत म्हणे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणाला किती मिळतं हे सगळ्यांना पाठ. त्यात लपवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. साधा माणूस. चूक त्यांची नाहीच.

तीस. मला बावीस. आणि त्यांना बुबुळ रंगवायला मीच शिकवतेय!

२ मार्च

सकाळी ऊन छान होतं. खिडकीशी बसून एक तपकिरी बुबुळ पुरं केलं. हात चालत होता, डोकं भलतीकडेच.

पगाराची आमच्याकडे एक रीत आहे. साहेब एकेकाला आत बोलावतात. ते दार एरवी सताड उघडं असतं, त्या दिवशी तेवढं लोटून घेतात. पाकीट हातात देतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "तुमचं काम वेगळंच आहे. आकडा आपल्यातच राहू दे हं. बाकीच्यांना उगाच वाईट वाटायचं."

बाकीच्यांना वाईट वाटायचं! याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं? की आपल्याला जास्त आहेत. मी तोच घेतला. आणि काय गोड वाटायचं ते! पाकीट पिशवीत टाकून बाहेर यायचे तेव्हा पाय जमिनीला लागायचे नाहीत. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याच्या उबेत बसलेय. मांजर बसतं ना उन्हाच्या तुकड्यात, तशी.

आणि राणीसाहेबांना कमी असणार म्हणून जीव तुटायचा. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर असते ती. मी बुबुळ रंगवते, ती रेशमाचा लाल धागा उकलून त्याच्या तंतूंच्या बारीक शिरा पांढऱ्यावर बसवते. तिच्या शिरांशिवाय माझं बुबुळ म्हणजे बटण. मग तिच्यासमोर आपली चैन कशी दाखवायची? नव्या चपला मी घरीच वापरायचे. सिनेमाला चल म्हणाली की "नको गं, या महिन्यात नाही जमायचं." चहाच्या टपरीवर पर्स काढायला उशीर करायचे, तिला वाटावं आपल्यासारखीच ही.

त्यावरून तिनं माझं नाव ठेवलं — कवडी. कवडीचुंबकचं लाडकं रूप. आणि ती राणीसाहेब, कारण हात सैल. येता-जाता चहा पाजणार, कोणाच्याही लेकराला खाऊ घेणार. मी मनात म्हणायचे, बिचारी, मिळतात थोडे आणि उडवते किती!

५ मार्च

पहाटे स्वप्न पडलं. मी राणीसाहेबांच्या दारात उभी. विचारायला तोंड उघडलं तर शब्द नाही, लाल धागा बाहेर आला. मऊ, ओला नाही, दुखतही नव्हतं. ती समोर बसून शांतपणे रीळ भरत होती. "अजून किती आहे गं?" म्हणत होती. मला सांगायचं होतं, पण तोंडात धागा! रीळ केवढं मोठं झालं, चंद्राएवढं. जाग आली तेव्हा बरंच वाटत होतं, का कोण जाणे.

७ मार्च

ढग. ढगाळ असलं की रंग जुळवता येत नाहीत, दिव्याखाली सगळीच बुबुळं लबाड दिसतात. म्हणून आम्ही ब्रश धुऊन गप्पा मारत बसतो. मला हे दिवस फार आवडतात. खोली कापसात गुंडाळल्यासारखी होते.

तिचं आणि माझं काय बोलायचं राहिलंय? तिच्या सासऱ्यांचं पिणं मला माहीत. माझं पहिलं मूल राहिलं नाही, ते आईच्याही आधी तिला कळलं. तिच्या गर्भाशयाचं ऑपरेशन, माझ्या नवऱ्याचं घोरणं, तिची एक जुनी भानगड (ती इथेही लिहिणार नाही). सगळं झालं. राहिला तो एक आकडा.

लोक तरी काय, काहीही विचारतात! माझी नणंद भर लग्नात विचारते, "वजन किती वाढलं गं? दुसरं मूल का नाही? डॉक्टर काय म्हणाले?" सगळे कान टवकारून ऐकतात. आणि पगार विचारला की — छे छे, असं विचारतात का कोणाला! जणू कपडेच काढायला सांगितले.

९ मार्च

आईला फोन केला. सहज म्हणून विचारलं, "बाबांना किती मिळायचे गं?"

"पुरायचे."

"हो, पण किती?"

"मला काय माहीत! घरखर्चाचे हातात द्यायचे. बाकी त्यांचं ते बघायचे."

"कधी विचारलं नाहीस?"

"बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये. आता हे काय काढलंस मध्येच?"

बाईचा पगार विचारावा की नाही, याबद्दल शहाण्या लोकांनी काहीच म्हणून ठेवलेलं नाही. बाईला पगार असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. हसू आलं. मग आईचं वाईट वाटलं. त्या माणसाचे कपडे धुतले, पथ्य सांभाळलं, शेवटी औषध चमच्यानं पाजलं, आणि खिशात काय होतं ते ठाऊक नाही.

१२ मार्च

नाही विचारलं.

१४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. दाढी करत होता. म्हणाला, "नको विचारू. तिला जास्त असले तर तू जळशील, कमी असले तर ती. एवढी मैत्रीण मिळते का परत?"

खरं आहे. मला भीती पैशांची नाहीच. जास्त असले तर इतकी वर्षं हिची कीव करणारी मीच वेडी ठरले. आणि कमी असले तर? मास्तर बोलल्यापासून माझे बावीससुद्धा मला टोचताहेत, तर तिला माझे बावीस किती टोचतील! शेजारच्या खुर्चीवर ती आली नाही तर मी कोणाशी बोलू? मास्तरांशी?

हल्ली आम्ही दोघी खूप गोड बोलतो एकमेकींशी. हे लक्षण चांगलं नाही.

१७ मार्च

आज एक आजी आल्या, मुलाबरोबर. डावा डोळा गेलाय. त्यांना खिडकीशी बसवलं आणि उजव्या डोळ्यात बघत बसले. रंग जुळवायचा म्हणजे बघावंच लागतं, निवांत, न लाजता. आधी वाटलं तपकिरी. मग आत हिरवट काहीतरी दिसलं, मग कडेला मधाच्या रंगाचं वलय. डोळा आत आत जात राहतो, तळ लागत नाही. मला तंद्रीच लागली. आजी म्हणाल्या, "एवढं निरखून तर आमच्या ह्यांनीसुद्धा नाही बघितलं कधी!"

सगळे हसलो. मान वळवली तर राणीसाहेब माझ्याकडेच बघत होती. मला तिच्या डोळ्यात बघवलं नाही. अनोळखी बाईच्या डोळ्यात अर्धा दिवस बघू शकते मी. हिच्या नाही.

हे आता सहन होत नाही. एकदा काय ते होऊन जाऊ दे.

२० मार्च

झालं!!

सुटल्यावर टपरीवर गेलो. तिनं नेहमीप्रमाणे पर्स उघडली. मी तिचा हात धरला. "आज मी देते."

"कवडे! ताप आहे का तुला?" माझ्या कपाळाला हातच लावला.

आणि माझ्या तोंडून निघालं — "मला बावीस मिळतात."

टपरीवाला, ग्लास, रस्ता, सगळं लांब गेल्यासारखं झालं. ती पर्स उघडी ठेवूनच उभी.

"बावीस?"

"हो."

"बावीस हजार?"

"हो गं बाई, किती वेळा वदवून घेशील!"

ती बाकावर बसली. पर्स मिटली. मला वाटलं, गेली. गेली माझी मैत्रीण. मग हळूच म्हणाली, "मलाही बावीसच." आणि मग, "पण मला वाटायचं तुला कमी आहेत! साहेब मला म्हणायचे ना, बाकीच्यांना वाईट वाटेल... म्हणून तर मी चहा पाजायचे तुला. म्हटलं, कवडीची ओढाताण आहे, निदान चहा तरी!"

"आणि मला वाटायचं तुला कमी आहेत. म्हणून मी नव्या चपला घरीच ठेवायचे!"

मग आम्ही जे हसलो! पोट धरधरून. चहा सांडला. टपरीवाला म्हणाला, "ताई, लॉटरी लागली का काय?" तर अजूनच हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. माझंही. तिला मी चिंगूस वाटत होते. मला ती उधळी वाटत होती. दोघी एकमेकींना जपत होतो, आणि कोणापासून? इतकी वर्षं कोणाशी बोलत होतो आम्ही?

घरी चालतच आले. दिवे लागत होते. पाय जमिनीला लागत नव्हते, पण आजचं न लागणं वेगळं होतं.

२१ मार्च

ती आल्या आल्या म्हणाली, "बावीस!" मीही म्हटलं, "बावीस!" दादा बघतच राहिला. त्यालाही विचारायचं ठरलंय, पण आधी आमचं.

तीस मागायचे. दोघींनी, एकदम. साहेब वाईट नाहीत. पण ते दार आहे ना, त्याच्या आड माणूस एकटा पडतो. एकट्याला "तुमचं काम वेगळंच आहे" म्हटलं की तो विरघळतो. दोघींना एकदम कसं म्हणतील?

तीस मिळाले तर ती दातावर उपचार करून घेणार आहे. खूप दिवस दुखतोय, मला आत्ता कळलं. मी खिडकीजवळ मोठं टेबल घेणार घरी. रविवारी नुसती चित्रं काढणार, डोळे नाहीत. झाडं, ढग, काहीही. हे मी कोणाला बोलले नव्हते.

२४ मार्च

ढग. आज आम्ही तालीम केली. ती साहेब झाली. आवाज खाली आणून, भुवया वर करून — "तुमचं काम वेगळंच आहे हं!" हुबेहूब! मी म्हणायचं, "साहेब, आमचं दोघींचं काम मिळून एक डोळा होतो." हे वाक्य तिचं आहे. फार आवडलं मला. मास्तर टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं आम्ही नाटक बसवतोय.

बाहेर पाऊस नाही, ऊन नाही. खोलीत नुसता मोतिया उजेड. दोघी हळू आवाजात आपापलं काम करत होतो. असंच राहावं असं वाटलं.

२८ मार्च

तिनं बजावलंय — "एकटीला बोलावलं तर जायचं नाही. म्हणायचं, दोघी येतो." मी म्हटलं, "तूच विसरशील." म्हणाली, "मी? मेले तरी नाही!"

३० मार्च

पगाराआधीच साहेबांनी बोलावलं. कुठून कळलं कोण जाणे. आधी तिला. ती माझ्याकडे न बघता उठली आणि गेली. दार लोटलं गेलं. बाहेर येऊन धागा उकलायला बसली. मी विचारलं, काय म्हणाले? "काही नाही गं. कामाचंच."

मग मला बोलावलं. मीही गेले.

परत आले तर तिनं काही विचारलं नाही. किती वाढवले ते इथे लिहीत नाही.