वाकड्या मानेचा

३ जून
पहिला दिवस. मला स्वर्ग दोन बोटं उरलाय! वंध्यत्व-उपचार केंद्रातली लॅब उबदार, जरा अंधारी; पावडर-अत्तराला सक्त बंदी. काम नाजूक, पण मला मनापासून आवडतं. आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या वीर्याच्या नमुन्यावर नळीत पोषक द्रव घालायचा, दमदार शुक्रजंतू आपले आपण पोहत वर येतात. त्यांतला एक सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने टिपायचा आणि स्त्रीबीजात सोडायचा. स्वयंवरच म्हणायचं, फक्त वधूला कुणी विचारत नाही. ही निवड लॅबच्या प्रमुख, मोठ्या बाई करतात, एकट्याच. दादा-वहिनीला मीच इथे आणलंय. मूल मूल करून दोघं थकलीत. आत घरचं माणूस आहे म्हटल्यावर वहिनी आज किती दिवसांनी हसली.

७ जून
बाईंनी आज भलताच टिपला. मान वाकलेली, एकसारखा डावीकडे घिरट्या घालणारा. असा दिसला की सोडून द्यायचा, हे आम्हाला पहिल्या धड्यात शिकवतात. विचारलं तर म्हणाल्या, रूप काय बघतेस, नवीन आहेस अजून. मी त्याचं नाव वाकड्या ठेवलं आणि डबा खायला गेले.

१२ जून
वेगळं जोडपं, वेगळी नळी. वाकड्या तिथेही. तीच मान, त्याच घिरट्या. बाईंनी पुन्हा तोच उचलला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाई कुणा एकाच पुरुषाचा नमुना सगळ्यांच्या नळ्यांत मिसळतात की काय? पुढच्या आठवड्यात दादाची पाळी आहे. मला भीती वाटतेय.

१८ जून
बाई रजेवर. मी पोषक द्रवाची नवी सीलबंद बाटली फोडली, नुसत्या द्रवाचा थेंब ठेवला. त्यात कुणाचंच काही नाही.
वाकड्या होता.
डिश बदलली, सुई बदलली. तरी होता. म्हणजे बाई मिसळत नाहीत. मग हा येतो कुठून?

२० जून
दादाला वाकड्याचं सांगितलं, म्हटलं, रद्द कर. तो म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, उद्या बीजं काढणार आहेत. वहिनी रडायला लागली. मग बाईंना सांगितलं, दादाचं मी निवडणार. लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच का —

२१ जून
सरळ मानेचाच घेतला. शपथ. सुईत सरळच होता. बीजाजवळ नेला आणि — मान — मी हात मागे घेतला, घेतलाच होता — सुई आत कशी गेली? बाई मागून म्हणाल्या, पहिल्या वेळी माझाही हात असाच —

२६ जून
सकाळी गर्भ आत ठेवला. वहिनी खुशीत. दादा जिन्याखाली थांबलाय. एवढंच विचारतो, माझंच आहे ना. खात्री करून सांगते म्हटलं.
त्याचा गोठवून ठेवलेला उरलेला नमुना काढून वितळवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पोहतायत. सगळे डावीकडे. सगळ्यांच्या माना —
दादा जिना चढतोय — आता त्याला कसं