शिलाई मशीनची घासाघीस

ती. एसिनामताईस, लोमेहून तुझ्या धाकट्या अब्लावीचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? बकऱ्या? कोकोची झाडं? (शेजारणीचं विचारत नाही, मेली कधी आजारीच पडत नाही.) आम्ही ठणठणीत आहोत. म्हणजे तब्येतीने. बाकीचं बसून वाच. फोनवर तू ओरडतेस, म्हणून पत्र बसवाल्याच्या हाती धाडतेय.

तू तुझ्या लेकाच्या, सेलोमच्या नवरीसाठी शिलाई मशीन आणायला पैसे दिलेस, ते मी जिवापाड सांभाळले. पोरगी कपडे शिवते, अख्ख्या आहेरात तिने तेवढं एकच मागितलंय. शनिवारी मशीन दिसलं नाही तर तिच्या आत्या आपल्याला दारातच उभं करतील, हे मला ठाऊक का नाही? पण इथले भाव ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून म्हटलं सीमेपलीकडे घानात, अक्राला जाऊ. तिकडे आपलं फ्रेंच चालत नाही, इंग्रजी लागतं, तर या वयात आग्बेको मास्तरांच्या शिकवणीलाही बसले. बेकरीत पाव, बुचरकडे मटण, केमिस्टकडे औषधं, शिवाय 'हाऊ मच', 'टू एक्सपेन्सिव्ह', 'डिस्काउंट', असा सगळा दारूगोळा भरून निघाले.

जाऊन बघते तर काय, पाव, मटण, औषधं, खुर्च्या, सगळं एकाच छपराखाली! मास्तरांनी एवढी वेगवेगळी नावं कशाला घोकून घेतली देव जाणे. मशीन मात्र मिळालं, हिरवंगार, देखणं. त्यावर किंमत चिकटवलेली. आता चिकटवलेली किंमत म्हणजे दुकानदाराची इच्छा, गिऱ्हाइकाची अजून कळायचीय. मी काउंटरवरच्या टायवाल्याला सरळ अर्धी सांगितली. तो हसून म्हणाला, "फिक्स्ड प्राइस, मॅडम." मी म्हटलं, "टू एक्सपेन्सिव्ह!" तर म्हणतो, "येस, मॅडम." अगं, येस काय? पोराबाळांची शपथ घ्यावी, या भावात आम्ही उपाशी मरू म्हणावं, काही रीत आहे की नाही! (मी बाजारात कापड विकते, रोज सकाळपासून उपाशी मरत असते.)

मग शेवटचं अस्त्र काढलं. पाठ फिरवली. आपल्याकडे दोन पावलं टाकली की हाक येते, "ये गं बाई, ने!" मी सावकाश निघाले. साबणांचे वास घेतले. डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. हाक नाही! उलट दारच आपणहून उघडलं, जा बाई एकदाची म्हणाल्यासारखं. आणि वळून बघायची सोय नाही, वळली ती पूर्ण किंमत मोजते.

रस्त्यावर आले आणि मागून, "मॅडम! मॅडम!" आली की नाही? मी पाय उचलले. (लगेच थांबलं तर थोडंच उतरतात.) तो पळायला लागला, मग मीही पळाले. या देहाने! एक कणीसवाली तर ओरडली, "पळ मावशी, सोडू नकोस!" बसमध्ये चढले, तो खिडकीशी आला, घामाघूम, टाय पाठीवर. मी ओरडले, "हाफ!" आणि बस सुटली. तेव्हा दिसलं, त्याच्या हातात माझी पिशवी होती. मशीन बघताना काउंटरवर ठेवली, ती तिथेच राहिली. तुझे पैसे तिच्यात. (परतीचं तिकीट पोलक्यात होतं म्हणून घरी तरी पोचले.) ताई, लोमे येईपर्यंत मी ढसाढसा रडले गं.

तुझीच,
अब्लावी

ता. क. पैसे शाबूत आहेत, शिव्या आवर. पिशवीत माझा नंबर होता, तिथल्या मॅनेजरबाईंनी फोन केला, पिशवी घेऊन जा म्हणाल्या. मी म्हटलं, "डिस्काउंट?" त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला, मी पुन्हा विचारलं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. शेवटी बाईंनी हात टेकले आणि सूट कबूल केली! आहे की नाही तुझी बहीण?

आणखी एक. सूट एका अटीवर आहे. मशीन न्यायला मी सोडून कुणीही यायचं. तेव्हा उद्याच्या बसने तू निघ. आणि तुझंमाझं नाक सारखं आहे, फडकं जरा खाली ओढून जा.