चेंडूचं नख

बाबा,

दुपारी घर निजलेलं असताना 'टक्' झालं, ते माझ्या अनामिकेचं नख होतं. माझ्या एस्त्रेयाच्या बुटाची गाठ सोडवताना मोडलं. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "बरं झालं. बाकीचीही काप, पोरीला ओरखडे काढशील. आपल्यात बायका नाचतात, टाळ्यांचा ठेका धरतात. गिटार पुरुषांनी वाजवायची." आणि खिशातलं नेलकटर माझ्याकडे सरकवलंत.

ते तुमच्या उशाशी ठेवलंय. उजव्या हाताची नखं मी कापणार नाही, तारा छेडायला ती लागतात. पोरीला मी डाव्या हातानंच न्हाऊ घालते, त्याची नखं तारा दाबायला कापलेलीच असतात. आजवर एक ओरखडा दाखवा.

टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून मोडक्या नखावर चिकटवला आणि पॉलिशपेपरनं घासला. आई असताना तुम्ही असंच करायचात, ते बघूनच शिकले. मग ट्रेमोलो, एकामागोमाग पाच झटपट सूर, वाजवून पाहिला. अंगठा, तर्जनी, अनामिका, मध्यमा, पुन्हा तर्जनी. पाचात एकही सूर लंगडला नाही. आज सहाला मंडळाच्या कार्यक्रमात गिटार मीच वाजवणार, पुरुष आहे म्हणून रामिरोदादाला माझी जागा देणार नाही.

चण्याचं पुचेरो झाकून ठेवलंय, गरम करून जेवा. पुढची खुर्ची तुमच्यासाठी राखते. यायचं तर या.

एस्त्रेया चेंडूचा उरलेला तुकडा घेऊन दारात उभी आहे. विचारतेय, "आजी गेल्यापासून आजोबा वाजवत नाहीत, मग त्यांचं कुठलं नख मोडलंय?"