चौकशीला आलेली माणसं

कार्टे,

फोन का बंद ठेवलायस? आज दुपारी मी इस्त्री करत असताना दुकानात दोन माणसं आली. बोलणं अगदी गोड. "मावशी, तुमची मुलगी राज्यशास्त्र शिकते ना? कुठे राहते, कुणाकुणात असते?"

मला वाटलं, तुला सरकारी नोकरी लागली! शेजारणीच्या जावयाची नव्हती का अशीच चौकशी झाली? राज्यशास्त्राने कुणाचं पोट भरतं, म्हणून मी तुझं डोकं खायचे. आज ऊर भरून आला आणि तोंड सुटलं. तुझी खोली सांगितली, मैत्रिणी सांगितल्या. वर म्हटलं, "सभेत उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद करते!"

मग विचारलं, "कोणत्या खात्यात घेताय तिला?"

दोघं हसले. एक म्हणाला, "नोकरीचं कोण बोललं, मावशी?"

ते गेले आणि मी इस्त्री तशीच टाकून तुला फोन लावत बसले. तो बंदच.

दार वाजलं तर उघडू नकोस, एवढंच सांगायला लिहायला बसले. पण टपाल पोचायच्या आत ते पोचतील. म्हणून हे टाकत नाही, मीच गाडीला निघते. देवा! मी येईन तेव्हा दार तूच उघड गं पोरी.

तुझी तोंडाळ आई