समजूतदारपणाची नोंद

पांढरेवाडी, जि. बीड
१२ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

प्रथम तक्रार. तुझ्या प्रश्नावलीला तू सहा पिना मारल्या आहेस. पाकीट फोडताना माझं बोट रक्तबंबाळ झालं. हिंसक गुन्हे करणाऱ्या स्त्रियांचं मन अभ्यासणाऱ्या मुलीनं पन्नाशीतल्या मामावर असा हल्ला करावा? मामी म्हणते, "तिलाबी तपासून घ्या." बाकी इकडे क्षेम.

प्रश्न चौथा: 'आरोपी स्त्री पूर्वीपासून आक्रमक होती काय?' पुढे हो-नाहीची चौकट. आमच्या गावच्या सत्यभामेला त्या चौकटीत बसवायला गेलो आणि पेन अडलं.

नवरा दुपारी झोपला असताना तिनं त्याच्या डोक्यात वरवंटा घातला, हे तू वाचलंस. आमच्या तंटामुक्ती समितीची वही मी लिहितो, हे तुला ठाऊक नाही. ती तीनदा आमच्याकडे आली होती. पहिल्यांदा पदराच्या गाठीतून तुटलेला दात काढून टेबलावर ठेवला. अध्यक्ष बबनराव म्हणाले, "येका दातानं काय व्हतंय बाई? बत्तीस असतेत." सगळे हसले. मीही. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत थोर. ते समोर पडलेलं होतं आणि मी लिहिलं, 'किरकोळ कुरबूर, सामोपचाराने मिटली.' तिला साडीचोळी दिली.

दुसऱ्यांदा हात गळ्यात बांधलेला. पुन्हा साडीचोळी.

तिसऱ्यांदा म्हणाली, "गुरुजी, आता माझ्याच हातून कायतरी व्हईल. तेवढं लिवा."

नाही लिहिलं. गावाला तंटामुक्तीचं सरकारी बक्षीस मिळायचं होतं. 'उभयतांनी समजूतदारपणा दाखवला.' खाली तिची सही घेतली.

त्या दुपारी ती हात धुऊन शाळेत आली. मी वर्गावर होतो. दारातूनच म्हणाली, "गुरुजी, आता लिवा. तंटा मिटला."

आक्रमक कधी झाली याची तारीख हवी असेल, तर ती माझ्या सुवाच्य अक्षरात आहे.

पुढच्या बुधवारी, २२ तारखेला, बीडच्या कोर्टात माझी साक्ष आहे. सरकारी वकील तीच वही पुढे करणार: भांडण मिटलेलं होतं, म्हणजे बाईनं थंड डोक्यानं मारलं. काल बबनराव चहा पिऊन गेले. "वहीत हाय तेवढंच बोला, गुरुजी. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

मी 'बरं' म्हणालो.

रोहिणी, तिच्या मनाचं मला कोडं नाही. ती किती वर्षं आत राहील हे बरंचसं माझ्या बोलण्यावर आहे, आणि मला भीती माझीच वाटते. तिथं उभा राहून मी खरं सांगेन, असं आज तरी वाटत नाही. तू बुधवारी ये. मला दिसशील अशी बस.

तुझा,
मृत्युंजयमामा