लेकीच्या दातांचा तपास

३ जून.
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. वीस वर्षं विजेचे मीटर तपासतोय. लोक तोंडावर खोटं बोलतात, तेव्हा आपल्याजवळ नोंद हवी.
विषय, लेकीचे दात. वय बारा, सप्टेंबरात तेरा. वरचे दोन्ही सुळे बाहेर, पुढचे दात एकमेकांवर चढलेले. दातांच्या डॉक्टरने तारा लावायला सांगितल्या. खर्च, माझे पाच पगार. मी हसलो. तो हसला नाही. तिथेच शंका आली.
बायको म्हणते, पोरीला सफरचंदसुद्धा चावता येत नाही, चिरून द्यावं लागतं. मी म्हटलं, सफरचंद चिरूनच खातात.

९ जून.
दुसरा डॉक्टर. आकडा तोच. म्हणजे आतून संगनमत आहे.

१२ जून.
तिसरा डॉक्टर. आकडा वेगळा. म्हणजे मनाला येईल ते सांगतात. तपासणी फी मात्र तिघांनी न चुकता घेतली.

२० जून.
साहेबांच्या मुलाला तारा लागल्या. त्याचा एकच दात जरासा तिरका होता, तोही मान वाकडी करून बघितला तर दिसायचा. तारांवर रंगीत रबरं. दर महिन्याला रंग बदलून मिळतो म्हणे. साहेबांना सहज विचारलं, किती खर्च आला? म्हणाले, अरे, विचारलंच नाही रे.
विचारलंच नाही! डबा तसाच घरी आणला.

२ जुलै.
शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करायला पोरीला निवडलं होतं. तिने नाव काढून घेतलं. कारण सांगते, घसा बसलाय. दुपारभर बाथरूममध्ये गाणी चालू होती. संशयास्पद. तपास करणे.
संध्याकाळी ७. तपास केला. घसा ठणठणीत. आरशासमोर उभी राहून ओठ मिटून हसायची प्रॅक्टिस करत होती. मला बघून थांबली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

४ जुलै.
रजा टाकून पोरीला घेऊन सरकारी दंत रुग्णालयात गेलो. तिथे तारा फुकट लावतात. अट एकच, नंबर लागेल तेव्हा मुलाला चौदा पूर्ण झालेली नकोत. रांग साधारण वर्षाची. म्हणजे आपण बसतो. अर्ज भरला, पावती घेतली. पोरगी परत येताना वाटभर बडबडत होती.
फक्त एक कळत नाही. फुकट का?
निर्धार: सावध राहायचं.

१८ नोव्हेंबर.
चौकशी केली. नंबर एकशे तीसवरून नव्वदवर आला. इतक्या भराभर? चाळीस जण गेले कुठे? लक्ष ठेवणे.

११ जून, पुढचं वर्ष. रात्री.
आज मोठी फसवणूक हाणून पाडली. अनोळखी नंबरवरून फोन. बाई म्हणाली, दंत रुग्णालयातून बोलतेय, मुलीची जन्मतारीख सांगा. मला कोण शिकवणार! खऱ्या रुग्णालयाकडे अर्ज असतो, अर्जावर तारीख असते. मी मुद्दाम एक वर्ष आधीचं साल सांगितलं. खरी असेल तर चूक पकडेल. पोरगी शेजारीच होती, बाबा, चुकलं, चुकलं, करत होती. तिला डोळे वटारून गप्प केलं. बाईने काही पकडलं नाही. "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. पक्की भामटी. नंबर ब्लॉक केला.
ऑफिसात चौघांना किस्सा सांगितला. पोरगी जेवली नाही. या वयात मूड असतात.

२५ जून.
पोरीने हट्टच धरला म्हणून तिला घेऊन रुग्णालयात गेलो. यादीत नाव नाही. मी आवाज चढवला, वरिष्ठांना बोलवा म्हटलं. खिडकीतल्या बाईने शांतपणे रजिस्टर फिरवून माझ्यापुढे ठेवलं. नावावर रेघ. शेरा: वय जास्त, पालकांनी फोनवर सांगितले.
"वाचा," म्हणाली. आवाज ओळखीचा होता, फोनवरच्या बाईचा.
अर्जावरचं साल पुसट झालं होतं, म्हणून खात्री करायला तिने फोन केला होता. नंतर नाव काढल्याचं पत्र न्यायला या, हे सांगायला पुन्हा दोनदा केला, लागला नाही. जागा पुढच्या मुलीला गेली. तिला परवा तारा बसल्या. मी म्हटलं, साल चुकीचं आहे हे तुम्ही ओळखायला हवं होतं. तर म्हणाली, "वडील सांगतायत म्हटल्यावर मी खरंच मानणार ना?"
मी म्हटलं, मग पुन्हा नंबर लावा.
नव्याने रांगेत लागलं तर पुन्हा वर्ष. सप्टेंबरात चौदा पूर्ण. पोरीने विचारलं, चौदानंतर काय? बाई म्हणाली, मग बाहेर, पैसे भरून. दुरुस्तीचा अर्ज भरा हवं तर, पण आशा ठेवू नका.
भरायला घेतला. एक रकाना होता, चुकीची माहिती देणाऱ्याचे रुग्णाशी नाते. दोनदा वाचला. मग लिहिलं, वडील. पोरीने वाचलं.  माझ्या हातातून पेन घेतलं आणि खालच्या रकान्यात आपली जन्मतारीख स्वतः लिहिली.