दूरच्या न्यूट्रिनोबद्दल तुम्ही मराठीत जे बोललात

सर, तीन ऑगस्ट, सोमवार, दुपारचे सव्वातीन. तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता वीस वर्षं झाली. शोकसभेला मी आले होते, खात्री करून घ्यायला.

तुमची रीत अशी की विद्यार्थ्याने कागद न बघता सगळं गणित फळ्यावर मांडायचं आणि तुम्ही पहिल्या रांगेत चहा पीत बसायचं. मी उभी आहे. दूरच्या आकाशगंगेतून निघालेला न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत येतो. शेवटी कोणता प्रकार सापडण्याची शक्यता किती, एवढंच तेव्हा सगळे काढत. मी विचारत होते की तो मूळ अवस्थेपासून किती पायऱ्या दूर गेला, त्याची गुंतागुंत किती वाढली. उत्तर भलतंच आलं आणि मी अडकले. तासभर इंग्रजी बोलणारे तुम्ही कप खाली ठेवलात आणि हसऱ्या चेहऱ्याने, मायेच्या आवाजात मराठीत म्हणालात, "वडिलांना सांग, स्थळं बघायला घ्या. डोकं एवढंच आहे तुझं."

खोलीतले बाकी सगळे बंगाली, मराठी न कळणारे. त्यांना वाटलं, गाववाली म्हणून धीर देताहेत. सरांची तुझ्यावर किती माया, असं जिन्यात एकजण बंगालीत म्हणालासुद्धा, "सर तोमाके खूब स्नेह कोरेन." मी हो म्हटलं. त्याच गणपतीत तुम्ही आमच्याकडे पाच मोदक खाल्लेत. बाबा म्हणाले, "मुलगी तुमच्या हाती आहे." तुम्ही म्हणालात, "हुशार आहे हो." तूप मीच वाढत होते. दिवाळीपूर्वी मी ती संशोधन संस्था सोडली आणि ज्या कॉन्व्हेंटात शिकले तिथेच नववीच्या मुलींना चौतीस वर्षं भिंगं शिकवली.

आता लोक न्यूट्रिनोची नेमकी हीच गुंतागुंत मोजताहेत. बराकपूरच्या या घरात बसून मी ते वाचते. तुमचं नाव कुठे येतं का तेही बघते. येत नाही.

माझी चूक गेल्या आठवड्यात सापडली. इतक्या दुरून येणाऱ्यांसाठी वाटेतल्या चढउतारांची सरासरी घ्यायची असते. मी तो शेजारच्या अणुभट्टीतून आल्यासारखा हिशेब मांडला होता. एका ओळीची दुरुस्ती. ती तुम्हाला त्या दुपारी दिसली होती का? दिसली असेल तर तुम्ही नीच होतात. नसेल तर ढ.

नन्सनी शिकवलं होतं, तक्रार लेखी करावी. हे पत्र कुठेही जाणार नाही, आणि तुमचं ते वाक्य मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे, तेही तुम्हालाच. तरी येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. इंग्रजीत. खोलीतल्या सगळ्यांना कळेल असं.